शिडांच्या घराण्यातील वाफेचा अभियंता

बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि वाफेची ताकद सर्वांना डोळ्यांनी दिसली. त्याच्या वीस वर्षे आधीच मुंबईतील एका पंचविशीच्या पारशी तरुणाने एका लहान जहाजावर वाफेचे इंजिन बसवण्याचा ध्यास घेतला होता. त्याचे नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया.

अर्देशीर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ चा. वाडिया म्हणजे जहाजे बांधणारे घराणे. या घराण्याने मुंबईच्या गोदीत बांधलेले, १८१७ सालचे ‘ट्रिंकोमली’ हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये तरंगते आहे. अर्देशीर १८२२ मध्ये याच गोदीत कामाला लागले.

शिडाचे जहाज वाऱ्याच्या मर्जीवर चालते. पाण्याची वाफ झाली, की ती सुमारे १,७०० पट जागा व्यापू पाहते. तिला कोंडले, की तिच्या दाबाने दट्ट्या सरकतो आणि चाक फिरते. त्यामुळे आगबोटीला वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० मध्ये सुमारे महिनाभरात सुएझला पोहोचली. आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंड गाठायला शिडाच्या जहाजाला कित्येक महिने लागत.

घराण्याच्या पिढीजात कसबापुढे हे मोठे आव्हान होते. अर्देशीर यांनी त्याकडे पाठ फिरवली नाही, ते नवी विद्या शिकले. १८३३ मध्ये त्यांनी ‘इंडस’ हे ६० टनी जहाज पाण्यात उतरवले आणि पुढे त्यावर इंजिन बसवले. १८३४ मध्ये माझगावचा आपला बंगला त्यांनी गॅसच्या दिव्यांनी उजळला. १८३९ मध्ये ते अधिक शिकण्यासाठी इंग्लंडला गेले.

१ एप्रिल १८४१ रोजी मुंबईतील सरकारी वाफयंत्रांच्या कारखान्याचे ते मुख्य अभियंता झाले. गोरे कारागीर एका हिंदी माणसाच्या हाताखाली काम करणार, हे काहींना रुचले नाही. मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रातून त्यांच्या कुवतीवर शंका घेतली गेली. मात्र त्याच वर्षी २७ मे रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसरे श्रीनिवास रामानुजन, तेही १९१८ मध्ये, म्हणजे ७७ वर्षांनी. अर्देशीर मात्र १८५७ पर्यंत कारखान्याची धुरा सांभाळत राहिले.

निवृत्तीनंतरही त्यांचे हात थांबले नाहीत. १८६१ मध्ये ते सिंधमधील कोटरी येथे गेले. तेथे सिंधू नदीतून प्रवासी व माल नेणाऱ्या आगबोटींच्या यंत्रांची देखरेख त्यांनी १८६३ पर्यंत केली. उतारवयात ते लंडनजवळच्या रिचमंड येथे स्थायिक झाले आणि १६ नोव्हेंबर १८७७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. १९६९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. हातातले कसब कालबाह्य होऊ लागले, की त्याच हातांनी नवे शिकता येते, हे त्यांनी दोनशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत दाखवून दिले.