स्की जंपिंगचा बाप मानला गेलेला माणूस, ज्याची कबर जवळपास ७० वर्षं बिननावाची होती

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये बर्फ म्हटलं की गोळेवाल्याची गाडी आठवते. अंबरनाथ-बदलापूरकडे डोंगर दिसतात, पण त्यांच्यावर बर्फ पडायचा सवालच नाही. त्यामुळे स्की जंपिंग आपण पाहिलं ते रील्समध्येच. गडी उतारावरून सुसाट घसरत येतो, हवेत झेपावतो आणि पार खाली जाऊन उतरतो. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले.

या उतरण्याला टेलेमार्क म्हणतात. तसं उतरलं नाही तर आजही पंच गुण कापतात. टेलेमार्क हा नॉर्वेतला एक भाग. तिथल्या मोर्गेदाल गावात १० जून १८२५ ला सोंद्रे नोरहाइम जन्मला.

घरची गरिबी. दुसऱ्याच्या जमिनीच्या तुकड्यावर राहायचं आणि बदल्यात मालकाच्या शेतात राबायचं, असा बिनजमिनीच्या कुळांचा तिथला रिवाज होता. सोंद्रेचं घर त्यातलंच. स्की म्हणजे तेव्हा हिवाळ्यात इकडून तिकडे जायचं साधन, आपल्याकडच्या सायकलसारखं. सोंद्रेनं त्याचा खेळ केला.

त्याचं ट्रेनिंग सेंटर म्हणजे घरामागचा उतार. मध्येच बर्फ रचून, थापून उंचवटा करायचा आणि त्यावरून उडी मारायची. घराच्या छपरावरूनही तो उड्या मारायचा असं सांगतात.

आता प्रश्न पडेल की एवढ्या उंचीवरून पडून पाय कसे मोडत नाहीत? तर उडी सपाटीवर संपत नाही, उतारावर संपते. हवेतला माणूस ज्या कोनात खाली येतो, जवळपास त्याच कोनात खालची जमीनही उतरत असते. त्यामुळे धक्का कमी बसतो. आज लहान मुलं छोट्या टेकड्यांवर शिकतात तेही याच तत्त्वावर.

पण खरी अडचण वेगळी होती. तेव्हाची स्की फक्त पायाच्या बोटांपाशी पट्ट्यानं अडकवलेली असायची. उडी मारली की निघून जायची. सोंद्रेनं लवचिक फांद्या पिळून त्यांचा वेढा टाचेमागून घेतला. शिवाय स्की मध्ये अरुंद आणि टोकांना रुंद केली, म्हणजे वळणं सोपी झाली. हे सगळं हातानं, कसलंही शिक्षण नसताना. स्लालम हा शब्दही मोर्गेदालच्याच बोलीतला. उतारावरची वाट असा त्याचा अर्थ.

१८६८ साली राजधानी क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, स्पर्धा होती. बेचाळीस वर्षांचा सोंद्रे जवळपास २०० किलोमीटर स्कीवरूनच तिथं पोचला आणि शहरातल्या पोरांना मागं टाकून पहिला आला. नंतर मोर्गेदालच्याच हेमेस्तवेत भावांनी शहरात स्की शिकवायला सुरुवात केली.

नाव झालं, पण पोट भरलं नाही. १८८४ साली, साठीच्या उंबरठ्यावर, बायको-मुलांना घेऊन तो अमेरिकेला गेला. गाव सोडून परक्या जागी शून्यातून उभं राहणं काय असतं, हे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांनी वसवलेल्या उल्हासनगरला वेगळं सांगायला नको. आधी मिनेसोटा, मग नॉर्थ डकोटा. म्हणजे सपाट माळरान. बर्फ भरपूर, डोंगर नाही. ज्याचं आयुष्य उतारावर गेलं त्याच्या वाट्याला शेवटी अशी जमीन आली. ९ मार्च १८९७ ला तो वारला. डेनबी गावाजवळच्या दफनभूमीत त्याला पुरलं. कबरीवर नावही नव्हतं.

१९२४ साली पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं, त्यात स्की जंपिंग होतंच. १९५२ साली ते ओस्लोत भरलं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आपल्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत ब्राँझ जिंकलं होतं. ओस्लोची ज्योत नॉर्वेनं ग्रीसहून आणली नाही. ती मोर्गेदालमधल्या सोंद्रेच्या घरातल्या चुलीवर पेटवली आणि स्कीवरून राजधानीत नेली.

तेव्हाही तिकडे डेनबीत त्याच्या कबरीवर नाव नव्हतं. ते लागलं १९६६ साली.