बांधणीला आलेली पुस्तकं वाचणारा पोरगा : मायकेल फॅरेडे

शाळा-कॉलेजच्या विज्ञानात फॅरेडे हे नाव कधी ना कधी येतंच. तारेचं वेटोळं, त्यात आत-बाहेर जाणारं चुंबक, हलणारा काटा, आणि त्याखाली नियम. नियम पाठ होतो, मार्क मिळतात आणि फॅरेडे तिथंच संपतो. हा माणूस स्वतः कसा शिकला ते मात्र त्या पानावर नसतं. खरं तर मुलांच्या हातात माहितीचं पुस्तक देणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं आणि पालकानं त्याच्या आयुष्यातला तोच भाग आधी वाचायला हवा.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्सचा. वडील जेम्स लोहार होते. तब्येतीनं साथ दिली नाही, त्यामुळे काम कधी असायचं, कधी नसायचं. चार भावंडांत हा तिसरा. १८०१ च्या महागाईत मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एकच पाव यायचा, तो त्यानं सात दिवस पुरवायचा. शाळा म्हणाल तर लिहिणं, वाचणं आणि थोडी आकडेमोड, एवढीच.

१८०४ साली जॉर्ज रिबो यांच्या पुस्तकांच्या दुकानात तो पोऱ्या म्हणून लागला. काम काय, तर गिऱ्हाइकांना वर्तमानपत्र वाचायला नेऊन द्यायचं, थोड्या वेळानं परत आणायचं आणि पुढच्या घरी पोचवायचं. पोरगं इमानदार निघालं, म्हणून वर्षभरानं रिबो यांनी त्याला बाइंडिंगच्या कामावर उमेदवार म्हणून घेतलं. मुदत सात वर्षांची. एरवी उमेदवारीसाठी मालकाला रक्कम मोजावी लागायची, इथं ती माफ झाली. लोहाराच्या घरासाठी ही छोटी गोष्ट नव्हती.

बाइंडिंगला आलेली पुस्तकं दिवसा शिवायची आणि काम संपलं की तीच वाचायची, असा त्याचा क्रम पडला. रिबो यांनी त्याला कधी अडवलं नाही. दुसरा मालक असता तर मेणबत्ती जळते म्हणून बोलला असता. त्या पुस्तकांतली दोन मायकेलला लागू पडली. एक म्हणजे एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका, त्यातला विजेवरचा लेख. दुसरं जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्रावरचं संवादरूप पुस्तक. एक शिक्षिका, कॅरोलिन आणि एमिली या दोन विद्यार्थिनी, आणि त्यांच्या गप्पांतून उलगडणारं रसायन. मुली शंका काढतात, मधेच आडवे प्रश्न विचारतात, बाई प्रयोग करून दाखवतात. पुस्तक मुळात विज्ञानाची व्याख्यानं ऐकायला जाणाऱ्या बायकांसाठी लिहिलेलं, आणि पहिल्या आवृत्त्यांवर लेखिकेचं नावही नव्हतं. ते उपयोगी पडलं एका बाइंडरच्या पोऱ्याला.

आता पुढचं महत्त्वाचं. मायकेलनं ते पुस्तक वाचलं, पण त्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. खिशात असलेल्या पेनींत जेवढं सामान येईल तेवढं आणायचं आणि पुस्तकात लिहिलंय तसंच होतंय का ते स्वतः बघायचं, असं त्यानं ठरवलं. जे जमलं ते करून पाहिलं आणि पुस्तक खरं निघालं. मग त्याचा त्या पुस्तकावर भरवसा बसला. म्हातारपणी मार्सेटबाईंविषयी लिहिताना त्यांनी हेच सांगितलं : आपण लहानपणी फार खोल विचार करणारे नव्हतो, कल्पनेत रमणारे होतो, अरेबियन नाइट्सवरही विश्वास बसायचा. पण वस्तुस्थिती महत्त्वाची वाटायची आणि ती तपासता यायची, म्हणून वाचलो.

विजेसाठी त्यानं काचेची बाटली फिरवून घर्षणानं ठिणगी काढणारं यंत्र घरीच बनवलं. १८१२ च्या उन्हाळ्यात त्याच्याही पुढं गेला. अर्ध्या पेनीची सात तांब्याची नाणी, तेवढ्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे सहा तुकडे. एकावर एक रचली आणि झाली बॅटरी. एवढ्याशा चळतीनं त्यानं मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणाचं विघटन करून दाखवलं. हे कळवताना मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याचा आनंद मावत नाही.

व्याख्यानांचंही तेच. टॅटम नावाच्या गृहस्थाच्या घरी संध्याकाळी विज्ञानाची व्याख्यानं व्हायची, प्रवेश एक शिलिंग. थोरला भाऊ रॉबर्ट वडिलांसारखाच लोहार, तो ते पैसे द्यायचा. मायकेल ऐकायचा, टिपून घ्यायचा, घरी येऊन नीट लिहून काढायचा. उपकरणांची चित्रं धड येईनात, तर रिबो यांच्याकडे राहणाऱ्या एका फ्रेंच चित्रकाराकडून चित्रकला शिकून घेतली. हे बघून दुकानातल्या डान्स नावाच्या गिऱ्हाइकानं त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. त्या चार व्याख्यानांची टिपणं, आकृत्यांसकट, सुमारे तीनशे पानं भरली. ती त्यानं स्वतःच बाइंड केली आणि डेव्हींना पाठवली. बाइंडिंगचं हुन्नर असं कामी आलं!

मार्च १८१३ मध्ये डेव्हींनी त्याला प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतलं. आठवड्याला २५ शिलिंग आणि माळ्यावरच्या दोन खोल्या. लगेच डेव्हींबरोबर युरोपचा दीड वर्षाचा प्रवास झाला. डेव्हींच्या पत्नी त्याला नोकरासारखं वागवायच्या, ते त्यानं सोसलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १८२१ मध्ये विजेच्या जोरावर सतत फिरणारी तार, १८२५ मध्ये बेंझीन, आणि २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर गुंडाळलेल्या दोन वेटोळ्यांचा तो प्रयोग. आजचा जनरेटर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही त्या कामातून निघाले. गणित त्यांना फारसं येत नव्हतं. ती बाजू नंतर मॅक्सवेल यांनी सांभाळली.

पण फॅरेडे मोठे झाल्यावर मुलांना विसरले नाहीत, आणि इथं मला ते जास्त मोठे वाटतात. रॉयल इन्स्टिट्यूशननं १८२५ पासून नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्यानं सुरू केली. १८२७ ते १८६० या काळात ती मालिका फॅरेडे यांनी १९ वेळा दिली. युरोपभर नाव झालेला शास्त्रज्ञ सुट्टीत पोरांसमोर उभा राहायचा. १८५५ च्या नाताळात राणी व्हिक्टोरियाचा मुलगाही ऐकायला येऊन बसला होता. मोठी माणसंही यायची, पण बोलणं मुलांशीच असायचं.

त्यातली मेणबत्तीवरची सहा व्याख्यानं सर्वांत गाजली. विषय घरातला. मेण पातळ होऊन वातीतून वर चढतं कसं? ते दाखवायला त्यांनी मिठाचा खांब ताटलीत उभा केला आणि खाली निळं रंगवलेलं मिठाचं पाणी ओतलं. निळा रंग हळूहळू खांबावर चढायला लागला. आपल्याकडे समईची वात तेल ओढते, तेच. मग ज्योतीच्या मधल्या काळसर भागात काचेची बारीक नळी धरली, नळीच्या दुसऱ्या टोकातून वाफ आली, ती पेटवली. म्हणजे जळते ती वात नव्हे, मेणाची वाफ! विझवलेल्या मेणबत्तीच्या धुराच्या रेषेला जळती काडी लांबूनच दाखवली की ज्योत त्या रेषेवरून उडी मारून वातीवर येते, हेही दाखवलं. ज्योतीवर थंडगार भांडं धरलं तर त्यावर पाणी जमतं. जळालेली हवा चुन्याच्या निवळीत सोडली तर निवळी दुधासारखी होते. आणि शेवटी, आपण फुंकर घातली तरी निवळी तशीच पांढरी होते. मेणबत्ती आणि माणूस दोघेही हवा वापरून तोच वायू बाहेर टाकतात, इथं सहावं व्याख्यान पोचतं. विल्यम क्रुक्स यांनी ती व्याख्यानं संपादित केली आणि १८६१ मध्ये पुस्तक निघालं. आजही ते छापलं जातं.

हे सगळं सहज जमत नव्हतं. फॅरेडे यांनी बोलायचं कसं याचे धडे पैसे मोजून घेतले होते. बोलण्याच्या भरात वेग वाढायचा, म्हणून मदतनीस अँडरसन यांच्याकडून समोर ‘सावकाश’ असं लिहिलेलं कार्ड ठेवून घ्यायचे. हे आपल्या बऱ्याच वर्गांत चिकटवून ठेवायला हरकत नाही.

आपल्या पाठ्यपुस्तकांतही ‘करून पहा’च्या चौकटी असतात. बहुतेक वेळा त्या वाचून दाखवल्या जातात, कृती वहीत उतरवली जाते, निष्कर्ष फळ्यावरून घेतला जातो. विज्ञान प्रदर्शनाला थर्माकोलचा प्रकल्प येतो, तो आदल्या रात्री बाबांनी चिकटवलेला असतो. सामान नाही ही सबब नेहमीची, आणि काही शाळांत ती खरीही आहे. पण चुन्याची निवळी करायला पानाचा चुना, पाणी आणि एक रात्र पुरते. नळीनं फुंकर घालायला शरबताचा स्ट्रॉ चालतो, फक्त निवळी तोंडात ओढू नये एवढं सांगून ठेवायचं. ज्योतीचे प्रयोग मात्र शिक्षकांनी स्वतः, मुलांना थोडं मागं बसवून करावेत. निवळी पांढरी झाल्यावर कुणी तरी हमखास विचारतं, आणखी फुंकलं तर काय होईल? तेव्हा तासाची घंटा झाली म्हणून थांबू नये. फुंकत राहिलं तर पाणी पुन्हा स्वच्छ होतं, आणि का होतं, हा पुढच्या तासाचा धडा.

१८६२ मध्ये इंग्लंडमधल्या बड्या शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढं फॅरेडे साक्षीला गेले. त्या शाळांत लॅटिन-ग्रीक भरपूर होतं, विज्ञान जवळजवळ नव्हतं. लहान वयात मुलांना हे समजत नाही, असं मानणाऱ्यांना त्यांनी स्पष्ट सांगितलं की साध्या भाषेत सांगितलं आणि प्रयोग दाखवला तर न समजणारा मुलगा मला भेटलेला नाही. व्याख्यान संपल्यावर तीच मुलं प्रश्न घेऊन यायची, हा त्यांचा अनुभव होता.

मानसन्मानांच्या वाटेला ते फारसे गेले नाहीत. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद नाकारलं, ‘सर’ ही पदवीही नको म्हणाले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट इथं राणीनं राहायला दिलेल्या घरात त्यांचं निधन झालं.

मार्सेटबाईंशी त्यांचा संबंध शेवटपर्यंत राहिला. आपला नवा निबंध छापून आला की फॅरेडे त्याची प्रत त्यांना आठवणीनं पाठवत. आणि बाई आपल्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढताना पत्र लिहून फॅरेडे यांनाच त्यांच्या ताज्या शोधाविषयी विचारत, म्हणजे तो पुस्तकात घालता यावा.