बाबासाहेबांचं इंग्रजी कसं घडलं?

जालन्यातल्या आमच्या अभ्यासिकेत राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा विषय निघाला की पोरं उत्साहाने माहिती विचारतात. उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, सगळं जमवतात. पण परदेशातल्या विद्यापीठाला इंग्रजीत दोन पानं स्वतःबद्दल लिहून द्यायची वेळ आली की फाईल बंद होते. ‘बाबासाहेबांची गोष्ट वेगळी, ते प्रज्ञासूर्य होते,’ असं वर म्हणायचं. मला हे वाक्य आता खटकतं. समाजशास्त्रात एम.ए. करताना सेमिनारमध्ये इंग्रजीत बोलायची पाळी आली, तेव्हा मीही असंच म्हणून मागच्या बाकावर बसायचो. म्हणून आज बाबासाहेबांच्या आयुष्याकडे फक्त एका बाजूने बघू या. त्यांचं इंग्रजी कसं घडलं?

सुरुवात सुभेदार रामजी सकपाळांपासून करावी लागते. ते सैन्याच्या शाळेत शिक्षक होते. मुलाचं इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून त्यांनी त्याच्याकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांची भाषांतरमाला करून घेतली. मराठी वाक्य घ्यायचं आणि त्याला चपखल इंग्रजी शब्द शोधायचा, हा रोजचा धडा होता. म्हणजे मराठी सोडून इंग्रजी नव्हे, मराठीच्या खांद्यावर बसून इंग्रजी. भीमरावांना अवांतर पुस्तकांचं वेड होतं आणि रामजींच्या पेन्शनमध्ये ते भागत नसे. मग ते लेकींकडे उसने मागायला जात. पैसे नसले तर लेक अंगावरचा दागिना काढून देई, तो गहाण पडे आणि पेन्शन आली की सुटे. त्या बहिणींची नावं आपल्या जयंतीच्या भाषणांत किती वेळा येतात?

मुंबईत परळच्या चाळीत एकच खोली होती. उशाशी जातं, पायाशी शेळी. रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवत आणि स्वतः झोपत. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना 750 पैकी 282 गुण होते. हा आकडा मी अभ्यासिकेत मुद्दाम सांगतो, कारण पोरांचा त्यावर विश्वास बसत नाही. पुढे सयाजीराव गायकवाडांची महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण सुरू राहिलं. तिथल्या प्राध्यापक म्युलरांनी त्यांना पुस्तकं दिली, कपडेही दिले.

1913 च्या जुलैमध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी बघण्यासारखी आहे: अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4. विद्यापीठातलं इंग्रजी म्हणजे फाडफाड बोलणं असं आपल्याला वाटतं. ही यादी सांगते की आधी इतकं वाचावं लागतं की बोलायला काहीतरी असावं. 9 मे 1916 रोजी गोल्डनवायझरांच्या सेमिनारमध्ये त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला, तेव्हा त्यांचं वय 25 होतं. त्याआधी जातीवर लिहिणाऱ्या युरोपीय आणि भारतीय अभ्यासकांचं म्हणणं त्यांनी क्रमाने मांडलं, कोण कुठे चुकलं ते दाखवलं आणि मग स्वतःचा मुद्दा ठेवला. जात टिकते ती जातीतच लग्न लावण्याच्या सक्तीमुळे, हा तो मुद्दा. एम.ए.ला असलेल्यांनी हा निबंध एकदा विषयासाठी आणि एकदा नुसत्या मांडणीसाठी वाचावा.

परत आल्यावर 1918 मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी या अस्पृश्य प्राध्यापकाची फारशी दखल घेतली नाही. पण त्यांची तयारी एवढी असे की पुढे दुसऱ्या कॉलेजांतली मुलंही त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. 27 जानेवारी 1919 ला साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या मतदानाच्या आणि प्रतिनिधित्वाच्या हक्कांवर साक्ष दिली, लेखी निवेदनही दिलं. कोलंबियात कमावलेली भाषा तिथे पहिल्यांदा समाजासाठी राबली. पुढच्याच जानेवारीत त्यांनी ‘मूकनायक’ काढला, तो मात्र मराठीत. कोणाशी कोणत्या भाषेत बोलायचं याचा त्यांचा हिशेब पक्का होता.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो 1922–23 चा प्रसंग. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला त्यांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध सादर केला आणि तो पुन्हा लिहायला सांगितला गेला. ब्रिटिशांच्या चलनधोरणावरची टीका परीक्षकांना बोचली, असं चरित्रकार सांगतात. हातातले पैसे संपत आले होते, मुंबईला परतावं लागलं. तिथे बसून त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. 1923 मध्ये प्रबंध स्वीकारला गेला आणि त्याच डिसेंबरात पुस्तक आलं. प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची आहे आणि तिच्यात त्यांनी शिष्याशी असलेले मतभेद सरळ नोंदवले आहेत. मार्गदर्शकाने लाल पेनाने रंगवलेलं प्रकरण परत दिलं की संशोधन सोडायच्या गोष्टी करणाऱ्या मित्रांना मी हे पुस्तक दाखवतो.

ही संधी आपल्या भागातल्या पोरांना मिळावी म्हणून 1950 मध्ये त्यांनी औरंगाबादला कॉलेज सुरू केलं. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण उर्दूतून होतं आणि मराठवाड्यातल्या खेड्यांना कॉलेज हा शब्दच परका होता. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच. पुढे त्या कॉलेजला मिलिंद हे नाव मिळालं, परिसराला नागसेनवन. भंते नागसेनांना बिनधास्त प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव त्यांनी विद्यार्थ्यांच्या कॉलेजला दिलं, भंतेंचं नाही.

1956 च्या जुलैत त्यांनी मुंबईत राजकारणात येणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली, पहिल्या तुकडीत 15 विद्यार्थी होते. तोवर त्यांचं शरीर पार थकलं होतं. डोळे, पाय, काहीच साथ देत नव्हतं. तरी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’चं काम थांबलं नव्हतं. 5 डिसेंबरच्या रात्री दिल्लीच्या घरी त्यांनी त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित कागद मागवून घेतले. इंग्रजीत लिहायला लागून चाळीसहून अधिक वर्षं झाली होती, घटना लिहून झाली होती, तरी छापायला देण्याआधी त्यांना ती पानं आणखी एकदा तपासायची होती. कागद पलंगाजवळच्या टेबलावर ठेवले गेले. सकाळी ते तिथेच होते.