रामन यांचा हिशेब

चंद्रशेखर वेंकट रामन हे नाव घेताच नोबेल पारितोषिक आठवते. परंतु हा शास्त्रज्ञ दहा वर्षे सरकारी हिशेब खात्यात होता आणि १९१० साली त्याची बदली नागपूरला झाली होती, हे वऱ्हाडात फारसे कोणी स्मरत नाही. आजचा वाशिम जिल्हा ज्या प्रांतात मोडत असे, त्याची नागपूर ही तेव्हा राजधानी होती.

१८८८ साली तिरुचिरापल्ली येथे जन्मलेले रामन १९०७ मध्ये एम. ए. झाले. केवळ विज्ञानावर चरितार्थ चालवणे त्या काळी भारतीयास जवळजवळ अशक्य होते. म्हणून ते वित्त खात्यात शिरले. मात्र कलकत्त्यात कचेरीच्या आधी व नंतरचा वेळ त्यांनी प्रयोगशाळेस दिला. रंगून व नागपूरच्या बदल्यांतही व्यासंग सुटला नाही. १९१७ मध्ये वरिष्ठ पदाची नोकरी सोडून त्यांनी कमी वेतनाचे प्राध्यापकपद पत्करले. व्यवहाराच्या दृष्टीने हा उघड तोट्याचा सौदा होता.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्या सौद्याचे फळ दिसले. पदार्थातून विखुरणाऱ्या प्रकाशाचा एक अत्यल्प अंश, सुमारे कोटीत एक कण, आपला रंग बदलतो आणि त्या बदलावरून पदार्थातील रेणू ओळखता येतो. १९३० मध्ये नोबेल मिळाले. १९७० मध्ये बंगळूर येथे ते निवर्तले.

१९६० साली लेसर आला आणि या क्षीण प्रकाशाला वैद्यकाची वाट मोकळी झाली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शंका आल्यास आज तेथील पेशीजालाचा तुकडा काढतात, मेणात बसवतात, पातळ काप करून रंगवतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशी बिघडू लागली की तिच्यातील प्रथिने, मेद व न्यूक्लीय आम्ले यांचे प्रमाण बदलते. हा बदल कोणताही रंग न लावता केवळ प्रकाशाने टिपावा, असे प्रयत्न जगभर चालू आहेत. नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत मुखाच्या कर्करोगावर याच तत्त्वाने काम झाले आहे.

अर्थात, ही पद्धत अद्याप रुग्णालयांतील नित्याची तपासणी झालेली नाही. शौचातून रक्त जात असेल, तर मूळव्याध समजून घरी बसणे धोक्याचे आहे. उपलब्ध तपासणी तत्काळ करून घेणे हेच शहाणपण.

अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला एवढेच सुचवावेसे वाटते की, मूलभूत संशोधनाचा ताळेबंद त्याच वर्षाच्या ३१ मार्चला मांडता येत नाही. रामन यांनी प्रकाशाचा शोध घेतला, तेव्हा आतड्यातील रोग त्यांच्यापुढे नव्हता. आज कचेरीतून वा शाळेतून थकून परतल्यावर एखादा तरुण पुस्तक उघडत असेल, तर याचा उपयोग काय, असे त्यास विचारण्यापूर्वी आपण हा हिशेब आठवावा.