मॅट्रिकला गणितानं पाडलं, पण त्याच पोरानं लिहिलेला पिक्चर बर्लिनमध्ये गाजला

छत्रपती संभाजीनगरमध्ये नाटकवेड्या पोरांची कधीच कमी नव्हती. विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, एकांकिका स्पर्धा आहेत. ‘जिगीषा’सारखी संस्था याच शहरात उभी राहिली आणि ‘चारचौघी’ लिहिणारे प्रशांत दळवीही इथलेच. त्यामुळे दरवर्षी इथली चार-दोन पोरं बॅग भरून मुंबईची गाडी पकडतात. कुणाला ॲक्टर व्हायचं असतं, कुणाला डायरेक्टर.

आणि एखाद्याला लेखक व्हायचं असतं.

घरच्यांना सगळ्यात जास्त टेन्शन येतं ते या तिसऱ्याचं. ॲक्टर निदान पडद्यावर दिसतो, डायरेक्टरला लोक साहेब म्हणतात. पिक्चर लिहिणारा माणूस नक्की करतो काय, त्याला पैसे कोण देतं आणि त्यावर घर चालतं का, या प्रश्नांना पोराकडे उत्तर नसतं.

हेच प्रश्न ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी माणदेशातल्या एका पोरापुढेही होते. त्याच्याकडे तर मॅट्रिकचं सर्टिफिकेटसुद्धा नव्हतं.

त्याचं नाव गजानन दिगंबर माडगूळकर. म्हणजे आपले गदिमा.

गदिमा म्हटलं की डोक्यात आधी येतं ते ‘गीतरामायण’. पण त्यांचं घर चालायचं ते चित्रपटाच्या लिखाणावर, आणि त्यात गाण्यांइतकाच मोठा वाटा कथा, पटकथा आणि संवादांचा होता.

दुष्काळी मुलूख, कारकुनाचं घर

गदिमांचा जन्म 1 ऑक्टोबर 1919 चा. आजोळी शेटफळे इथला. मूळ गाव माडगूळ. दोन्ही गावं आजच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात येतात. तेव्हा हा मुलूख औंध संस्थानात होता. पाऊस कमी, शेती बेभरवशाची आणि मेंढरं घेऊन फिरणारे धनगर, असा हा माणदेश.

वडील संस्थानात कारकून होते. पगार तुटपुंजा, पोरं जास्त. घरात पैसा नव्हता, पण कानावर पडायला बरंच काही होतं. आई बनूताईंच्या ओव्या, देवळातली भजनं, कीर्तनं, जत्रेतला तमाशा, शाहिरांचे पोवाडे. पुढे गदिमांनी चित्रपटासाठी जी लावणी, जो अभंग आणि जो पोवाडा लिहिला, त्याची शिकवणी इथं झाली. शिवाय गजाननाला नकला करायची सवय होती. माणूस कसा बोलतो, कुठं थांबतो, कोणता शब्द गिळतो, हे त्याला बरोबर टिपता यायचं. संवाद लिहिणाऱ्याला याहून मोठं भांडवल लागत नाही.

शाळा आटपाडी, कुंडल आणि औंध अशा गावांत झाली. गणित काही जमलं नाही आणि मॅट्रिकची परीक्षा हुकली.

त्या काळी मॅट्रिक झालेल्याला नोकरीचं दार उघडायचं. ते दार बंद झालं आणि घर चालवायला हातभार लावणं तर भाग होतं. अशा वेळी विशीच्या आतला हा पोरगा कोल्हापूरला पोचला.

कोल्हापूरचे स्टुडिओ हीच शाळा

तेव्हा कोल्हापूर मराठी चित्रपटाचं मोठं केंद्र होतं. आजचं संभाजीनगर म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. मराठी पिक्चरची दुनिया कोल्हापूर, पुणे आणि मुंबई या पट्ट्यात होती. त्या काळात चित्रपट लेखन शिकवणारा कोर्स नव्हता. काम शिकायचं तर स्टुडिओत शिरायचं आणि पडेल ते काम करायचं, हाच रस्ता होता.

गदिमा मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्समध्ये शिरले. 1938 साली आलेल्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात त्यांना छोटी भूमिका मिळाली. या पिक्चरचे लेखक होते आचार्य अत्रे. हिरो होण्यासारखं रूप गदिमांकडे नव्हतं, त्यामुळे ॲक्टिंगमध्ये फार मोठी मजल मारता येईल अशी शक्यताही नव्हती.

पण याच काळात त्यांच्या हाती दुसरं काम आलं. वि. स. खांडेकर तेव्हा चित्रपटांसाठी लिहीत होते आणि गदिमा त्यांचे लेखनिक झाले. म्हणजे काय, तर खांडेकर सांगणार आणि हे उतरवून घेणार.

आजच्या भाषेत ही इंटर्नशिपच. पण लेखनिकाला जे दिसतं ते वाचकाला कधीच दिसत नाही. वाचकापुढे तयार माल येतो. लेखनिकाला कोणतं वाक्य खोडलं गेलं, कोणता प्रसंग मागं गेला, लांबलेला संवाद कुठं कापला हे सगळं समजतं. मॅट्रिक नापास पोराला एका मोठ्या लेखकाच्या शेजारी बसून हे बघायला मिळालं.

त्यानंतर नवयुग चित्रपट संस्थेत त्यांनी के. नारायण काळे यांचे सहायक म्हणून काम केलं. लिहिलेला सीन कॅमेऱ्यासमोर उभा राहतो तेव्हा त्याचं काय होतं, हे इथं कळलं. 1942 मध्ये ‘पहिला पाळणा’ आणि ‘भक्त दामाजी’ या चित्रपटांची गाणी त्यांना मिळाली. त्याच सुमारास लग्नही झालं होतं. म्हणजे आता लिखाणावर संसार उभा करायचा होता.

‘रामजोशी’ आला आणि गाडी सुटली

पाच वर्षांनी, 1947 मध्ये व्ही. शांताराम यांच्या राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’ आला. सोलापूरच्या एका ब्राह्मण घरातला मुलगा तमाशाच्या नादी लागतो आणि मोठा शाहीर होतो, अशी ही रामजोशींची गोष्ट. कथा, संवाद आणि गाणी असं सगळं गदिमांनी लिहिलं. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर प्रमुख भूमिकांत होते.

पिक्चर जोरात चालला. मराठीत पुढे तमाशापटांची जी लाट आली, तिची सुरुवात याच चित्रपटापासून धरतात.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. चित्रपटाच्या लिखाणात तीन वेगळी कामं असतात. काय घडतं ती कथा. ते कोणत्या क्रमानं आणि कोणत्या प्रसंगातून दिसतं ती पटकथा. आणि माणसं काय बोलतात ते संवाद. आजच्या टीव्ही मालिकेच्या श्रेयनामावलीत या तीन कामांना बऱ्याचदा तीन वेगळी नावं दिसतात आणि गीतकार चौथा असतो. गदिमांनी अनेक चित्रपटांत ही चारही कामं एकट्यानं केली.

त्याचा फायदा असा, की त्यांचं गाणं गोष्टीला चिकटवल्यासारखं वाटत नाही. कारण गाणं कुठं येणार, त्याआधी कोण काय बोलणार आणि गाणं संपल्यावर गोष्ट किती पुढे सरकलेली असणार, हे ठरवणारा माणूस एकच होता.

राजाभाऊ, बाबूजी आणि अण्णा

1950 च्या दशकात मराठी चित्रपटाला एक त्रिकूट मिळालं. दिग्दर्शक राजा परांजपे, संगीतकार सुधीर फडके आणि लेखक-गीतकार गदिमा. फडक्यांना सगळे बाबूजी म्हणायचे आणि गदिमांना अण्णा.

‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ 1952 मध्ये आले, ‘ऊन पाऊस’ 1954 मध्ये आणि ‘जगाच्या पाठीवर’ 1960 मध्ये.

यातला एकेक विषय बघा. ‘लाखाची गोष्ट’ मध्ये पैसे मिळवणं अवघड नाही, तर एक लाख रुपये ठरलेल्या मुदतीत खर्च करणं अवघड होऊन बसतं. ‘ऊन पाऊस’ मध्ये रिटायर झालेला मास्तर आणि त्याची बायको मुलांच्या घरात उपरी होतात, म्हातारपणी दोघांची ताटातूट होते. पुढे 2003 च्या ‘बागबान’ मध्ये हिंदी प्रेक्षकांनी जो प्रश्न बघितला, तो मराठी प्रेक्षकांनी पन्नास वर्षं आधी बघितला होता. ‘जगाच्या पाठीवर’ मध्ये पोटासाठी शहरात आलेला साधा माणूस आणि एक आंधळी मुलगी आहे.

यात ना मोठे सेट आहेत ना राजेरजवाडे. मराठी निर्मात्याकडे पैसा कमी असायचा. त्यामुळे पिक्चर उभा राहायचा तो गोष्टीवर आणि बोलण्यावर. लेखक कच्चा निघाला तर झाकायला दुसरं काही नसायचं.

‘गीतरामायण’ पण पटकथेसारखंच लिहिलं

1 एप्रिल 1955 ला रामनवमी होती. त्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. सीताकांत लाड यांनी हा कार्यक्रम आखला होता. दर आठवड्याला एक नवं गाणं, असं वर्षभर चाललं आणि एकूण 56 गीतं झाली.

पहिलंच गाणं लिहिलेला कागद हरवला, मग लाडांनी गदिमांना खोलीत बसवून बाहेरून कडी घातली आणि थोड्याच वेळात गाणं परत तयार झालं, असा किस्सा आजही सांगितला जातो.

पण किश्शापलीकडे बघण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याची रचना. यातली गाणी कवी स्वतः गात नाही. लव-कुश, दशरथ, कौसल्या, शूर्पणखा, जटायू, शबरी, गंगेवरचे नावाडी असे एकेक जण येतात आणि आपापली बाजू मांडतात. कोणता प्रसंग कुणाच्या तोंडून सांगायचा, हा निर्णय पटकथाकाराचा असतो. सतरा वर्षं स्टुडिओत घालवलेल्या माणसाला तो घेता आला. आणि दर आठवड्याची डेडलाइन कशी पाळायची, हेही तिथंच अंगवळणी पडलं होतं.

गावाशेजारचा तुरुंग जगभर पोचला

आता सगळ्यात भारी गोष्ट.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची जागा आहे. औंध संस्थानानं 1939 मध्ये तिथं कैद्यांसाठी खुली वसाहत सुरू केली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे इंजिनिअर या प्रयोगामागे होते. खुनाच्या गुन्ह्यातले कैदी इथं भिंतीशिवाय, बेड्यांशिवाय राहायचे आणि शेती करायचे. माणसावर विश्वास टाकला तर तो पळून जात नाही, हे तपासून बघायचं होतं.

गदिमा त्याच तालुक्यातले. त्यांनी याच प्रयोगावरून गोष्ट रचली आणि शांतारामांनी पिक्चर काढला, ‘दो आँखें बारह हाथ’.

एक जेलर सहा खुनी कैद्यांना घेऊन ओसाड माळरानावर जातो आणि त्यांच्याकडून शेती पिकवून घेतो, एवढीच कथा. 1957 मध्ये चित्रपट आला. त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. 1958 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात सिल्व्हर बेअर मिळालं आणि पुढे अमेरिकेच्या गोल्डन ग्लोबमध्ये सॅम्युअल गोल्डविन पुरस्कारही मिळाला.

यात एक मेख आहे. या पिक्चरची हिंदी गाणी गदिमांची नाहीत, ती भरत व्यास यांनी लिहिली. म्हणजे गदिमा इथं गीतकार म्हणून नाहीत, निव्वळ लेखक म्हणून आहेत. 1959 च्या ‘नवरंग’ मध्येही तसंच. लेखन गदिमांचं, गाणी व्यासांची. गाणी बाजूला काढली तरी त्यांच्यातला पटकथाकार आपल्या पायावर उभा होता, याचे हे दोन पुरावे.

सिनेमावाला कवी की साहित्यिक?

एक सल मात्र बराच काळ राहिली. चित्रपटासाठी लिहिणारा म्हणजे मागणीनुसार माल पुरवणारा, तो खरा साहित्यिक नव्हे, असा एक सूर मराठी साहित्यात होता. चालीवर शब्द बसवणाऱ्याला कवी म्हणायचं की नाही यावर वाद झडायचे. गदिमांनी कथा लिहिल्या, ‘मंतरलेले दिवस’ आणि ‘वाटेवरल्या सावल्या’ सारखी आठवणींची पुस्तकं लिहिली, तरी सिनेमावाला हा शिक्का होताच. धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर यांनीही चित्रपट लिहिले, पण त्यांची ओळख ‘बनगरवाडी’ मुळे कादंबरीकार म्हणून झाली.

पुढे मान मिळत गेले. 1962 पासून बारा वर्षं गदिमा विधान परिषदेत आमदार होते. 1969 मध्ये पद्मश्री मिळाली. आणि 1973 मध्ये यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. मॅट्रिक नापास, स्टुडिओत लेखनिकी करून शिकलेला माणूस मराठी साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर बसला.

14 डिसेंबर 1977 ला पुण्यात गदिमांचं निधन झालं. वय अवघं 58. दीडशेहून जास्त मराठी चित्रपटांशी त्यांचं नाव जोडलेलं आहे, शिवाय हिंदी वेगळे.

आज लिहिणाऱ्या पोरांसाठी काही गोष्टी सोप्या झाल्यात. मुंबईत लेखकांची संघटना आहे, स्क्रिप्टची नोंदणी करता येते, आणि 2012 च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनं लेखक-गीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काला आधार दिला. पण सुरुवातीची वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली, नाव न येता काढावी लागतात, यात फारसा फरक पडलेला नाही. गदिमांचीही ‘ब्रह्मचारी’ ते ‘रामजोशी’ या प्रवासात नऊ वर्षं गेली.

पुढच्या वेळी ‘दो आँखें बारह हाथ’ लावलात, तर सुरुवातीची नावं पुढे ढकलू नका. लेखक म्हणून जे नाव येतं, त्याचं गाव स्वतंत्रपूरपासून फार लांब नाही.