वाटाण्याच्या वाफ्यातले धर्मगुरू



नव्या बाळाला आशीर्वाद द्यायला आम्ही जातो, तेव्हा एखादे घर अगदी गप्प असते. दुसरीही मुलगीच झालेली असते. सासू सुनेकडे पाहते, सून जमिनीकडे. अशा वेळी आम्हांला एका धर्मगुरूंची आठवण येते. त्यांचे नाव ग्रेगोर मेंडेल.

आजच्या चेक प्रजासत्ताकातील एका खेड्यात जुलै १८२२ मध्ये त्यांचा जन्म झाला. बाप्तिस्म्याचे नाव योहान. वडील गरीब शेतकरी. त्यांना जमीनदाराकडे वेठही करावी लागे. पुढे अपघाताने वडील अधू झाले आणि योहानचे शिक्षण अडले. तेव्हा धाकटी बहीण तेरेसिया हिने आपल्या हुंड्यातील वाटा भावाच्या शिक्षणासाठी दिला.

१८४३ साली ते ब्रनो येथील संत थॉमस यांच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाले आणि १८४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. आजाऱ्यांचे दुःख पाहून ते स्वतःच आजारी पडत, म्हणून मठाधिपतींनी त्यांना शाळेत शिकवायला पाठवले. शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत त्यांना दोनदा अपयश आले. पण मधल्या काळात व्हिएन्ना विद्यापीठात ते पदार्थविज्ञान व गणित शिकले आणि मोजण्याची सवय घेऊन परतले.

१८५६ ते १८६३ या काळात मठाच्या बागेत त्यांनी वाटाण्याची हजारो रोपे वाढवली. गोल दाण्याच्या व सुरकुतलेल्या दाण्याच्या जातींचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोलच आले. पुढच्या पिढीत मात्र ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे जवळजवळ तीनास एक.

हे कसे? समजा, प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईची व एक बापाची. पुढच्या पिढीला त्यांतली एकच जाते. कोणती, हे नाणे उडवल्यासारखे. दोन नाणी उडवली तर चार प्रकार होतात: गोल-गोल, गोल-सुरकुती, सुरकुती-गोल, सुरकुती-सुरकुती. एक चिठ्ठी गोल असली तरी दाणा गोल दिसतो, म्हणून चारांत तीन गोल. सुरकुती नाहीशी झाली नव्हती, दडली होती.

सिकल सेल, थॅलेसेमिया हे आजार असेच दडून येतात. आईबाप दोघांकडे एकेक दडलेली चिठ्ठी असेल तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारांत एक. नाण्याला मागची आठवण नसते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे होत नाही. दोष एकट्या आईचा तर नाहीच. नात्यात लग्न केल्यास दोघांकडे तीच चिठ्ठी असण्याचा संभव वाढतो. मामाच्या मुलीशी लग्नाला ख्रिस्तसभेची खास परवानगी लागते. ती मागायला येण्यापूर्वी दोघांनी रक्त तपासून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

मुलगा की मुलगी, याचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. आई प्रत्येक बाळाला एक्स हेच गुणसूत्र देते. बापाकडून एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. शक्यता जवळजवळ निम्मी-निम्मी, दोन मुलींनंतरही तेवढीच. तरी २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली सुमारे आठशेच होत्या. एवढी तफावत देवाच्या सृष्टीत पडत नाही. ती माणसाने पाडली.

मेंडेल यांनी आपले काम १८६५ साली वाचून दाखवले, १८६६ साली ते छापूनही आले; फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८६८ साली ते मठाधिपती झाले आणि ६ जानेवारी १८८४ रोजी, प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणादिवशी, देवाघरी गेले. १९०० साली तीन शास्त्रज्ञ त्याच निष्कर्षाला पोहोचले, तेव्हा कुठे जगाला त्यांचे मोल कळले.

बहिणीचे उपकार मात्र ते विसरले नाहीत; तिच्या मुलांच्या शिक्षणाला त्यांनी हातभार लावला. ज्या घरी मुलगी जन्मली आहे त्या घराने तेरेसियाला आठवावे. तिच्याविना तो मुलगा शाळेतूनच परत शेतावर गेला असता.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू