आउगुस्ट वाइसमान

आउगुस्ट फ्रीडरिख लेओपोल्ड वाइसमान (जन्म : १७ जानेवारी १८३४, फ्रांकफुर्ट, मृत्यू : ५ नोव्हेंबर १९१४, फ्रायबुर्ग) हे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ आणि उत्क्रांतिवादाचे भाष्यकार होते. जननद्रव्याच्या अखंडतेच्या सिद्धांतासाठी ते विशेष प्रसिद्ध आहेत. आयुष्यात कमावलेले गुण संततीत उतरत नाहीत, हे मत त्यांनी आग्रहाने मांडले. सजीवांना वार्धक्य आणि मृत्यू का येतो, या प्रश्नाचा उत्क्रांतीच्या दृष्टीने विचार करणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांतही त्यांची गणना होते. या दोन्ही विषयांत त्यांच्या युक्तिवादाला मोठा आधार मिळाला तो कीटकांचा.

प्रारंभीचे जीवन

वाइसमान यांचे वडील प्राचीन भाषांचे शिक्षक होते. लहानपणापासून त्यांना संगीत व चित्रकलेचे शिक्षण मिळाले. त्यांना पियानो शिकविणाऱ्या शिक्षकांना फुलपाखरांचा संग्रह करण्याचा छंद होता. त्यांच्यामुळे वाइसमान यांना सुरवंट आणि फुलपाखरे गोळा करण्याची गोडी लागली. पुढे त्यांनी ग्योटिंगेन येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८५६ मध्ये पदवी मिळविली. काही काळ त्यांनी वैद्यकी केली; मात्र त्यांचा ओढा प्राणिशास्त्राकडे होता. १८६१ मध्ये ते गीसेन येथे रूडोल्फ लॉइकार्ट या प्राणिशास्त्रज्ञांकडे अध्ययनासाठी गेले. त्यानंतर ऑस्ट्रियाचे आर्चड्यूक श्टेफान यांचे खासगी वैद्य म्हणून ते शाउमबुर्ग येथील गढीत राहिले. या नोकरीत मिळालेला निवांत वेळ त्यांनी माश्यांच्या वाढीचा अभ्यास करण्यात घालविला. १८६३ पासून ते फ्रायबुर्ग विद्यापीठात अध्यापन करू लागले आणि अखेरपर्यंत त्याच गावी राहिले. १८६७ मध्ये मेरी ग्रूबर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संगीतरचनाकार यूलिउस वाइसमान हे त्यांचे पुत्र होत.

कीटकांवरील संशोधन व दृष्टिदोष

माशीच्या अंड्यात भ्रूण कसा घडतो आणि अळीची प्रौढ माशी कशी होते, हे वाइसमान यांच्या पहिल्या महत्त्वाच्या संशोधनाचे विषय होते. अंड्याच्या मागील टोकाशी काही पेशी फार लवकर वेगळ्या पडतात, असे त्यांना आढळले. या पेशींपासून पुढे जननपेशी होतात, हे नंतर इतर संशोधकांनी दाखविले. अळीच्या शरीरात दडलेल्या चकत्यांसारख्या पेशीसमूहांपासून प्रौढ माशीचे पाय, पंख इत्यादी अवयव तयार होतात, हेही त्यांनी वर्णिले.

हे काम भरात असतानाच, १८६४ च्या सुमारास, त्यांच्या डोळ्यांना गंभीर विकार जडला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे त्यांना अनेक वर्षे जवळजवळ अशक्य झाले. पुढे दृष्टी काहीशी सुधारल्यावर त्यांनी जलपिसू आणि हायड्रोझोआ गटातील सागरी प्राण्यांचा अभ्यास केला. पण विकार पुन्हा बळावला. त्यांना ग्रंथ वाचून दाखविले जात. प्रत्यक्ष निरीक्षणे बहुधा विद्यार्थी व सहकारी करीत आणि वाइसमान त्यांचा अन्वयार्थ लावीत. निरीक्षणाची वाट अडल्यामुळे ते सैद्धांतिक चिंतनाकडे अधिकाधिक वळले.

आयुर्मर्यादेचा प्रश्न

१८८१ मध्ये साल्झबुर्ग येथे भरलेल्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञ व वैद्यांच्या संमेलनात वाइसमान यांनी आयुष्याच्या कालावधीवर व्याख्यान दिले. आयुर्मान हे शरीराच्या आकारावर किंवा जीवनव्यापाराच्या गतीवर अवलंबून असते, अशी तेव्हा समजूत होती. केवळ या कारणांनी उलगडा होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. नैसर्गिक निवडीने जसे अवयव घडतात तसे आयुर्मानही घडते आणि त्याचा मुख्य संबंध प्रजननाशी असतो, असे त्यांनी प्रतिपादन केले.

एकट्याने राहणाऱ्या कीटकांचे प्रौढ जीवन बहुधा अल्प असते. प्रौढ मे-माशी खात नाही. मीलन व अंडी घालणे उरकून ती काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत मरते. आपल्याकडे भिंतीवर मातीचे घर बांधणारी कुंभारीणही अशा एकट्या कीटकांपैकीच आहे. घरात भक्ष्य साठवून, अंडे घालून ती घराचे तोंड लिंपते. पिलांना वाढविण्यासाठी तिला थांबावे लागत नाही. शत्रूंच्या तावडीत सापडण्याची शक्यता जितकी अधिक, तितके प्रजनन लवकर उरकणे हिताचे, असा वाइसमान यांचा तर्क होता.

समूहाने राहणाऱ्या कीटकांचे चित्र याहून निराळे असते. मधमाश्यांची राणी काही वर्षे जगते, तर उन्हाळ्यातील कामकरी माशी काही आठवड्यांतच मरते. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ जॉन लबक यांनी मुंग्या अनेक वर्षे पाळल्या होत्या. त्यांच्या नोंदींचा वाइसमान यांनी उपयोग केला. लबक यांच्याजवळची एक राणी मुंगी पुढे जवळजवळ १५ वर्षे जगली. राणी आणि कामकरी या दोघीही फलित अंड्यांपासूनच जन्मतात. तरीही त्यांच्या आयुर्मानात एवढी तफावत असते. राणी वारुळाच्या आत सुरक्षित राहून दीर्घकाळ अंडी घालते, म्हणून तिचे दीर्घायुष्य टिकून राहिले, असे स्पष्टीकरण वाइसमान यांनी दिले.

जननद्रव्याचा सिद्धांत

१८८३ नंतरच्या लेखनात आणि विशेषतः १८९२ च्या ग्रंथात वाइसमान यांनी बहुपेशीय प्राण्याच्या पेशींचे दोन प्रकार मानले. कायिक पेशींचे शरीर बनते आणि ते नाश पावते. जननपेशींतील जननद्रव्य मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाते. शरीरात झालेले बदल जननद्रव्यात परत जात नाहीत, असा या सिद्धांताचा गाभा आहे. त्यांनी उंदरांच्या पाच पिढ्यांच्या शेपट्या कापल्या, तरी जन्मलेल्या ९०१ पिलांपैकी एकही शेपटीवाचून निपजले नाही. या प्रयोगाने इजा वारशाने उतरते ही समजूत खोडली गेली. कमावलेल्या सर्व गुणांचा निवाडा मात्र एवढ्यानेच होणार नव्हता.

वांझ कामकऱ्यांचा वाद

१८९३ पासून ब्रिटिश तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर यांच्याशी वाइसमान यांचा जाहीर वाद झाला. अवयवांच्या वापराचे परिणाम संततीत उतरतात, असे स्पेन्सर मानीत. त्याला उत्तर देताना वाइसमान यांनी कामकरी मुंग्यांचे उदाहरण पुढे केले. कामकरी मुंग्यांना सहसा संतती नसते. त्यांनी कष्टाने जबडे बळकट केले, तरी तो गुण देण्यासाठी त्यांना वारस नाही. त्यांना जन्म देणाऱ्या राणीने व नराने तर ते काम केलेलेच नसते. तरीही कामकऱ्यांची खास शरीररचना प्रत्येक पिढीत पुन्हा अवतरते. म्हणजे ती मातापित्यांच्या जननद्रव्यातून आणि निवडीतून आलेली असली पाहिजे. अशा कीटकांची अडचण डार्विन यांनाही १८५९ मध्ये जाणवली होती; वाइसमान यांनी तिचेच प्रमाण केले. १८९४ मध्ये ऑक्सफर्ड येथील रोमेन्स व्याख्यानात त्यांनी अळीच्या आहाराचा मुद्दा हाताळला. राणी व कामकरी होण्याच्या दोन्ही शक्यता अंड्यातच असतात आणि आहाराने त्यांपैकी एक जागृत होते, असे त्यांचे मत होते.

मधमाश्यांचे नर अफलित अंड्यांपासून होतात, या योहान झिर्झोन यांच्या मताला फर्डिनांड डिकेल यांनी आव्हान दिले, तेव्हा वाइसमान यांच्या प्रयोगशाळेत अलेक्झांडर पेत्रुन्केविच यांनी अंडी तपासली. झिर्झोन यांचे मत ग्राह्य ठरले.

अखेरची वर्षे व मूल्यमापन

१९०८ मध्ये वाइसमान यांना रॉयल सोसायटीचे डार्विन पदक मिळाले. १९१२ मध्ये ते सेवानिवृत्त झाले आणि दोन वर्षांनी फ्रायबुर्ग येथे निधन पावले.

झिजलेले प्राणी जातीला भार होतात म्हणून मृत्यू उपजला, हे त्यांचे आरंभीचे स्पष्टीकरण आज स्वीकारले जात नाही. कारण प्राणी झिजतो का, हाच मूळ प्रश्न त्यात गृहीत धरलेला आहे. नंतर त्यांनीही या मताला मुरड घातली. वाढत्या वयाबरोबर निवडीचा जोर ओसरतो, हा विचार पीटर मेडावर यांनी १९५२ मध्ये मांडला. प्रजननासाठी शरीराच्या देखभालीत काटकसर होते, हा टॉम कर्कवुड यांचा १९७७ चा सिद्धांत वाइसमान यांनी केलेल्या कायिक व जननपेशींच्या भेदावरच उभा आहे. लॉरां केलर व मिशेल झनू यांनी १९९७ मध्ये मुंग्या, मधमाश्या व वाळवी यांच्या राण्यांचे आयुर्मान एकट्या कीटकांशी ताडून पाहिले. ते सुमारे शंभर पट अधिक आढळले. बहुतेक प्राण्यांत अधिक प्रजननाची किंमत आयुष्याने चुकवावी लागते. राण्यांमध्ये मात्र विपुल प्रजनन आणि दीर्घायुष्य एकत्र नांदतात. हे कसे साधते, यावर आजही संशोधन सुरू आहे.